परिच्छेद पाठ करून घ्यायला सांगू नका, वाक्य बांधायला शिकवू द्या

प्रति,
मराठी माध्यमाच्या शाळांसाठी इंग्रजीचा अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तकं आणि कृतिपत्रिका ठरवणारे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. माझ्या वर्गात येणारी मुलं नुकतीच दहावी झालेली असतात. जवळजवळ सगळी मराठी माध्यमाची, त्यातली बरीचशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आलेली. मीही अशाच शाळेतून आले. त्यामुळे या पत्रात मांडते आहे ते मी दुरून पाहिलेलं नाही.

अलीकडे एका प्रशिक्षण वर्गात मार्गदर्शकांनी आम्हा शिक्षकांना सांगितलं, की अभ्यासात मागे असलेल्या मुलांकडून चार-पाच परिच्छेद पाठ करून घ्या. पर्यावरण, पाणी, मोबाइल, स्वच्छता. विषय कोणताही आला तरी त्यातला एखादा बसवता येतो आणि लेखनाचे निम्मे गुण हाती लागतात. सभागृहात कुणालाच नवल वाटलं नाही. अनेकांनी ते वहीत उतरवून घेतलं. मार्गदर्शकांवर माझा राग नाही. कृतिपत्रिका, म्हणजे परीक्षेची प्रश्नपत्रिका, आज जशी आहे ती समोर ठेवून त्यांनी उपयोगी पडेल असाच सल्ला दिला. पण तो सल्ला उपयोगी पडतो याला परीक्षेची रचना कारण आहे, आणि ती रचना तुमच्या हातात आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला. उघडपणे लिहिते आहे ते पालकांनी, शिक्षकांनी आणि या रचनेतून बाहेर पडलेल्या मुलांनीही वाचावं म्हणून.

माझं म्हणणं थोडक्यात असं: इंग्रजी वाक्य कसं बांधतात हे ज्या मुलाला कळलेलं नाही, त्याला इंग्रजीत परिच्छेद लिहिता येत नाही. आणि वाक्य बांधणं आपण शाळेच्या दहा वर्षांत शिकवत नाही. तयार वाक्याचं रूप बदलायला तेवढं शिकवतो.

२००० साली राज्याने सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. त्याआधी मराठी शाळेतल्या मुलांचं इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. खेड्यातलं मूल शहरातल्या मुलाच्या मागे राहू नये हा त्यामागचा हेतू मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं २०१० साली दहावी झाली. आज ती तिशीत आहेत आणि त्यांची मुलं शाळेत जायला लागली आहेत. वाढीव चार वर्षांत गाणी आली, रंगांची-प्राण्यांची नावं आली, सूचना ऐकून कृती करणं आलं. हे सगळं चांगलंच झालं. मनातली आठ वाक्यं एकमेकांना धरून कागदावर उतरवणं मात्र आलं नाही.

'प्रथम' संस्थेच्या 'असर' या शिक्षण-पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या ग्रामीण मुलामुलींपैकी ५७.३ टक्क्यांना इंग्रजी वाक्य वाचता आलं, आणि वाचता आलेल्यांपैकी ७३.५ टक्क्यांना त्याचा अर्थ सांगता आला. म्हणजे शंभरातल्या साधारण बेचाळीस जणांना वाक्य वाचून कळतं. ही पाहणी देशातल्या २८ जिल्ह्यांत झाली होती आणि ती वाचनाची होती, लेखनाची नव्हे. वाचलेलं वाक्य ज्याला कळत नाही त्याच्याकडून आपण परिच्छेदाची अपेक्षा करतो, तेव्हा पाठांतराखेरीज त्याच्यापुढे दुसरी वाट कोणती उरते?

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये दुसरा आला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाल्याची घोषणा झाली. त्या काळात कोणती भाषा शिकवायची यावर घरोघरी चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. ज्या दोन भाषा पंचवीस वर्षं पहिलीपासून शिकवतो आहोत त्या कशा शिकवतो आहोत, हा प्रश्न कुणीतरी विचारेल याची मी वाट पाहत होते. माझ्या कानावर तरी तो आला नाही.

मुलं काय लिहितात ते आधी दाखवते. इंग्रजी वाक्यं देवनागरीत देते आहे, सगळ्यांना वाचता यावीत म्हणून. अकरावीच्या वर्गात मी 'उन्हाळ्यातलं आमचं गाव' असा विषय दिला होता. एका मुलाने लिहिलं:

'इन समर वॉटर प्रॉब्लेम इज देअर. टँकर कम्स. पीपल स्टँड इन लाइन. वुमेन क्वॉरल. गव्हर्नमेंट शुड गिव्ह वॉटर.'

यात ढोबळ चुका फारशा नाहीत. एखादं आर्टिकल गळलं आहे, पहिलं वाक्य मराठी वळणाचं आहे. तपासणारे पाचपैकी दोन-अडीच गुण देतील आणि पुढच्या पेपराकडे वळतील. पण हा परिच्छेद नाही. पाच वाक्यांपैकी एकाचाही दुसऱ्याशी काय संबंध आहे ते सांगितलेलं नाही. टँकर का येतो? किती दिवसांनी? बायका भांडतात त्या कशावरून? मुलाला हे माहीत नाही असं मुळीच नाही. त्याच्या घरची घागर त्या रांगेत असते. मी मराठीत विचारलं तेव्हा तो एका दमात बोलला: "मॅडम, एप्रिल लागला की विहिरी आटतात, मग दिवसाआड टँकर येतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून बायका काम टाकून बसून राहतात, आणि ज्यांच्या घागरी मागं राहतात त्यांना पाणीच पुरत नाही, मग भांडणं होतात."

या बोलण्यात काय नाही? 'लागला की' आहे, 'मग' आहे, 'पण' आहे, 'म्हणून' आहे, 'ज्यांच्या-त्यांना' आहे. क्रम, कारण, अडचण, परिणाम. अख्खा परिच्छेद त्याच्या तोंडात तयार होता. कागदावर इंग्रजीत फक्त तुकडे उतरले, सांधे मराठीतच राहून गेले.

त्या तासाला आम्ही दुसरं काही केलं नाही, सांधे शोधले. त्याचं मराठी बोलणं फळ्यावर लिहिलं आणि एकेका सांध्याखाली रेघ ओढली. 'म्हणून' आहे तिथे इंग्रजीत काय येईल? मुलं म्हणाली, 'सो' किंवा 'बिकॉज'. 'बिकॉज' वाक्याच्या सुरुवातीला चालेल का? चालेल, पण मग पुढचा भाग त्याच वाक्यात पुरा करावा लागेल. टँकर कसला? दिवसाआड येणारा. मग 'टँकर'नंतर 'दॅट' लावून ते तिथेच सांगून टाकू. तास संपला तेव्हा फळ्यावर हे होतं:

'बाय एप्रिल अवर वेल्स गो ड्राय, अँड द व्हिलेज डिपेंड्स ऑन अ टँकर दॅट कम्स एव्हरी अदर डे. बिकॉज नोबडी नोज व्हेन इट विल कम, द वुमेन लीव्ह देअर वर्क अँड वेट. दोज हू स्टँड ॲट द एंड ऑफ द लाइन ऑफन गो होम विथ एम्प्टी पॉट्स. दॅट इज व्हाय देअर आर क्वॉरल्स.'

दिवसाआडसाठीचं 'एव्हरी अदर डे' सोडलं तर यातला एकही शब्द त्या मुलांना नवा नव्हता. शब्दसंग्रह नसल्यामुळे मुलांना लिहिता येत नाही, हे आपण फार सहज म्हणतो. या मुलांकडे शब्द होते. नव्हतं ते 'टँकर दॅट कम्स' असं नामाला वाक्य जोडणं, कारणाचं वाक्य पुढे आणून मुख्य वाक्य मागे ठेवणं, आणि शेवटच्या वाक्यातल्या 'दॅट'ने आधी सांगितलेलं सगळं एका शब्दात उचलून घेणं. ही तिन्ही कामं वाक्यरचनेची आहेत आणि तिन्ही शिकवता येतात.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार 'डू ॲज डायरेक्टेड' या प्रश्नप्रकाराबद्दल आहे. व्हॉइस बदला. डिग्री बदला. 'टू' ('फारच' या अर्थाचा) काढून लिहा. 'नो सूनर दॅन' वापरा. होकारार्थीचं नकारार्थी करा. सिंपलचं कॉम्प्लेक्स करा. वर्षानुवर्षं ही कवायत चालते, गावोगावच्या शिकवण्या तिच्यावर उभ्या आहेत, आणि मुलं तिच्यात पटाईत होतात. 'टू' दिसला की हात आपोआप 'सो... दॅट' लिहायला लागतो. परीक्षेच्या दृष्टीने दोन्ही रूपं एकच. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ती एक नसतात, कारण आधीच्या वाक्याला एक रूप जुळतं आणि दुसरं जुळत नाही. कोणतं कुठे जुळतं हे विचारणारा प्रश्न माझ्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

पॅसिव्ह व्हॉइस घ्या. मुलाला नियम येतो: कर्म पुढे आण, 'वॉज' लाव, क्रियापदाचं तिसरं रूप लिही, शेवटी 'बाय'. कशासाठी, हे त्याला विचारून बघा. आमच्याकडच्या मुलाला उजनी धरणावर चार ओळी लिहायच्या आहेत असं धरू. पहिलं वाक्य, 'द उजनी डॅम इज ऑन द रिव्हर भीमा.' पुढे ते १९८० साली पूर्ण झालं हे सांगायचं आहे. 'द गव्हर्नमेंट कम्प्लीटेड इट इन १९८०' असं लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष धरणावरून उठून सरकारकडे जातं. 'इट वॉज कम्प्लीटेड इन १९८०' लिहिलं की धरणाची गोष्ट धरणाचीच राहते आणि तिसरं वाक्य सुचायला जागा मिळते. पॅसिव्हचा उपयोग हा आहे. विशेष म्हणजे या उपयोगाची गरज मूल मराठीत रोज भागवतं. 'सरकारने हे धरण बांधलं' असंही आपण म्हणतो आणि धरणाबद्दल बोलणं चाललं असेल तर 'हे धरण सरकारने बांधलं' असंही म्हणतो. 'ने' हा प्रत्यय 'सरकार'ला चिकटलेला असल्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी बांधणारा कोण हे बदलत नाही. इंग्रजीत असा प्रत्यय नाही. तिथे क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची आणि नंतरची कर्माची. शब्द नुसते हलवले तर धरणाने सरकार बांधलं असा अर्थ होईल. म्हणून शब्द हलवायचे तर इंग्रजीला क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. वर्गात हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं कुणी देत नाही, कारण त्यावर गुण नाहीत.

दुसरी तक्रार. मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास एकमेकांशी बोलत नाहीत. मराठीच्या तासाला मुलं केवल, मिश्र आणि संयुक्त वाक्य शिकतात. उद्देश्य-विधेय शिकतात, प्रधानवाक्य कोणतं आणि गौणवाक्य कोणतं ते ओळखतात. घंटा होते, इंग्रजीचे शिक्षक येतात आणि तेच सगळं सिंपल, कॉम्प्लेक्स, कंपाउंड म्हणून पहिल्यापासून सुरू होतं. 'हे तुला येतं' असं मुलाला कुणी सांगत नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्या समोर होती. दोन भाषा शेजारी ठेवून पाहणं महाराष्ट्राला इतकं जुनं आहे, आणि आजच्या शाळेत ते जवळजवळ थांबलं आहे.

या न बोलण्यामुळे काय होतं ते कोणत्याही इंग्रजीच्या शिक्षकाला विचारा. 'जरी पाऊस होता तरी आम्ही शाळेत गेलो' हे मराठी वाक्य. मूल लिहितं, 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट टु स्कूल.' लाल शाईने 'बट' खोडला जातो आणि वही परत जाते. पुढच्या वेळी तो 'बट' पुन्हा येतो. यायलाच हवा, कारण मराठीत 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो, आणि मूल आपल्या भाषेशी प्रामाणिक राहून लिहितं आहे. मराठी असली वाक्यं जोडीने बांधते: जेव्हा-तेव्हा, जर-तर, जिथे-तिथे, जो-तो. इंग्रजी बहुतेक ठिकाणी एका शब्दावर काम भागवते. हे एकदा सांगितलं की 'ऑलदो... बट', 'व्हेन आय रीच्ड, देन' आणि 'व्हिच मॅन केम यस्टरडे, ही इज माय अंकल' या तिन्ही चुका एकाच मुळाच्या आहेत हे मुलाला दिसतं. मग दुरुस्ती त्याची तो करतो. आज या तीन चुका तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या लाल खुणांनी त्याला भेटतात.

'कारण'चंही तसंच. 'मी काल आलो नाही. कारण आईला बरं नव्हतं.' मराठीत हे कानाला खटकत नाही. इंग्रजी लेखनात 'बिकॉज माय मदर वॉज इल' एवढंच लिहून पूर्णविराम दिला की वाक्य अपुरं धरतात. मराठीत क्रियापदावरून कर्ता कळतो, म्हणून 'काल बाजारात गेलो' पुरेसं असतं. मूल 'यस्टरडे वेन्ट टु मार्केट' लिहितं आणि त्याला कळत नाही की काय चुकलं.

आणि आपला 'ऊन' हा प्रत्यय घ्या. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज पहाटे उठून, जनावरांना चारा टाकून, डबा घेऊन एस.टी.ने कॉलेजला येते. हे वाक्य ती मराठीत बोलते तेव्हा कॉलेजला येणं मुख्य आणि बाकीची कामं त्याच्या आधीची, हे तिने तीन वेळा 'ऊन' लावून पक्कं केलेलं असतं. इंग्रजीत लिहिताना ती 'अँड'ने चार क्रियापदं ओवते आणि चारही सारख्याच वजनाची होतात. 'आफ्टर फीडिंग द कॅटल, आय टेक माय टिफिन अँड कॅच द बस' हे तिच्या मनातल्या वाक्याच्या किती जवळ आहे पाहा. कोणतं काम मुख्य आणि कोणतं दुय्यम हे परिच्छेद लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्यात ठरवावं लागतं. तिला ते लहानपणापासून ठरवता येतं. आपण तिला ते इंग्रजीत वापरू देत नाही.

तिसरी तक्रार तपासणीबद्दल. ठरावीक सुरुवात, ठरावीक शेवट आणि मध्ये विषयाचे चार शब्द एवढ्यावर गुण मिळत असतील, तर मेहनत घेऊन स्वतःचं लिहिणाऱ्या मुलावर अन्याय होतो. स्वतःचं लिहिणारा चुकतो. पाठ केलेलं उतरवणारा चुकत नाही. गुण चुका मोजून द्यायचे असतील तर पाठ करणाराच जिंकणार, आणि वर्गातली मुलं हे आठवीपासून ओळखून असतात.

चौथी तक्रार वेळेची. माझ्या एका तुकडीत सत्तरच्या वर मुलं आहेत. प्रत्येकाचा एक परिच्छेद नीट वाचून त्याखाली दोन ओळी लिहायच्या तर घरच्या दोन संध्याकाळी जातात, आणि तुकडी एकच नसते. लेखन शिकवायचं ठरवलं की हे काम कुठेतरी मोजावं लागेल. आज ते मोजलं जात नाही, म्हणून ते होत नाही.

यावर जे उत्तर येतं ते मला ठाऊक आहे. व्याकरणाचे दिवस गेले, मुलांना संवाद करू द्या, भाषा वापरून येते. वापरून येते हे खरं आहे, पण वापर कुठे आहे? आमच्या गावात मुलाच्या कानावर इंग्रजी पडतं ते वर्गात आणि मोबाइलवर. घरी, शेतात, बाजारात, एस.टी.त मराठी. भाषा ऐकून तिची रचना आपोआप अंगवळणी पडावी एवढं ऐकणंच त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला ती रचना उलगडून दाखवावी लागते. जुनी भाषांतराची पद्धत परत आणा असंही मी म्हणत नाही. त्या पद्धतीने मागच्या पिढीची वाक्यं पक्की केली हे मान्य, पण तिथे प्रत्येक वाक्य सुटं असायचं. एकाखाली एक वीस वाक्यं भाषांतर केली तरी त्यातून परिच्छेद होत नसे.

हे सगळं पाच गुणांपुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. माझी एक विद्यार्थिनी बी.एस्सी. नर्सिंगला गेली. शरीरशास्त्र तिला उत्तम समजत होतं. रक्ताभिसरण तिने मला फोनवर मराठीत असं समजावलं, की मीच ऐकत राहिले. उत्तरपत्रिकेत मात्र तुटक वाक्यं. पहिल्या वर्षी तिचे विषय राहिले, घरच्यांनी विचारलं की झेपत नाही तर परत येतेस का. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. २०२३ च्या सुरुवातीला हा बदल लगेच नको म्हणून पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली, त्यानंतर हा बदल २०२५ पर्यंत पुढे गेला. त्या परीक्षेत इंग्रजी भाषेची तीनशे गुणांची पात्रता पत्रिका आहे. तिच्यात पंचवीस टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या पत्रिकांतलं ज्ञान धरलंच जात नाही. खोल्या भाड्याने घेऊन अभ्यास करणाऱ्या त्या मुलांना निबंध लिहायला लावण्याआधी, एक वाक्य दुसऱ्याला कसं जोडतात हे शाळेने त्यांना शिकवायला हवं होतं की नाही?

माझ्या मागण्या साध्या आहेत.

दहावीच्या कृतिपत्रिकेत लेखनाचा किमान एक प्रश्न असा द्या, ज्याचं उत्तर पाठ करून देता येणार नाही. मुलाच्या रोजच्या जगण्यातला विषय आणि सोबत मराठीत चार प्रश्न: काय, का, कधी, मग काय झालं. उत्तर आठ वाक्यांचं. गुण कशाला मिळणार ते आधी जाहीर करा, आणि त्यातले निम्मे तरी वाक्यं एकमेकांना जोडली आहेत का, यासाठी ठेवा. स्पेलिंग आणि आर्टिकलच्या चुकांवर किती गुण जाऊ शकतात याला मर्यादा घाला.

'डू ॲज डायरेक्टेड' बंद करा असं मी म्हणत नाही. त्याला संदर्भ द्या. चार वाक्यांचा उतारा द्या, एक जागा मोकळी ठेवा, ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह दोन्ही रूपं समोर ठेवा आणि इथे कोणतं बसतं ते विचारा. सहा तुटक वाक्यं देऊन त्यांची तीन करायला सांगा. शिकवण्या आपोआप याची तयारी करून घ्यायला लागतील, आणि त्यात मुलांचं भलंच होईल.

मराठी माध्यमाच्या इंग्रजी शिक्षकांसाठी एक हस्तपुस्तिका काढा. मराठी वाक्य असं चालतं, इंग्रजी वाक्य असं चालतं, मूल इथे अडखळतं आणि या कारणाने अडखळतं. ती लिहायला मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकत्र बसवा, आणि त्यात खेड्यातल्या शाळांत शिकवणारे निम्मे तरी असू द्या. त्याच पुस्तिकेत मुलांनी खरोखर लिहिलेले परिच्छेद, नावं काढून, दुरुस्तीच्या नोंदींसह छापा. आज बाजारात मिळतात ते सगळे नमुने बिनचूक असतात. बिनचूक नमुन्यावरून मुलाला स्वतःचं वाक्य कसं सुधारायचं ते कळत नाही.

पाचवी ते नववी एक क्रम आखून द्या. पाचवीत पूर्ण वाक्य. सहावीत 'अँड, बट, सो'ने जोडलेली दोन. सातवीत कारण, वेळ आणि अट. आठवीत 'हू, व्हिच, दॅट'. नववीत परिच्छेद. क्रमाबद्दल मतभेद असतील तर बदला, पण क्रम असू द्या. दहावीत एकदम परिच्छेद मागू नका.

आणि आठवड्याची एक तासिका फक्त लेखनासाठी राखून ठेवा, जिच्यात धडा पुढे ढकलायचा नाही. त्या तासाच्या वह्या तपासणं शिक्षकाच्या कामात धरा.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का नाहीत, ते पुढच्या पुस्तकांची छपाई सुरू होण्याआधी लेखी कळवावं अशी विनंती आहे. हस्तपुस्तिकेच्या कामाला मी उन्हाळ्याच्या सुट्टीत विनामोबदला यायला तयार आहे. आमच्या तालुक्यातले आणखी काही शिक्षक तयार आहेत. मुलांचे परिच्छेद आमच्याकडे जमवलेले आहेत, मागाल तेव्हा पाठवू.

आपली नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक इंग्रजी शिक्षिका
जिल्हा सोलापूर